हात कुठे लागला होता

दत्तू,

तू गेलास यावरसुद्धा माझा आधी विश्वास बसला नाही. भोकरदनला सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं, तेवढ्यात तुझ्या पुतण्याचा फोन आला. "सुरेशकाका, आबा गेले." मी विचारलं, "कुठं गेले?" तो रडायला लागला, तरी मी फोन कानाला धरून यात काय डाव असेल त्याचाच विचार करत होतो. कारण गेले काही आठवडे तू माझ्या मागे लागला होतास. मैदानावर ये, पोरांना तुझी ती चढाई दाखव, वाकून घोट्याला हात मारायची. मी टोलवत होतो. मला वाटलं, आता हा बाबा मरणाचा निरोप धाडून मला बोलावतोय. मी पुतण्याला म्हटलं, "वहिनींकडं दे फोन." पलीकडून बायकांचं रडणं ऐकू आलं, तेव्हा कुठे मी शटर खाली ओढलं.

तुझा तेरावा अजून व्हायचा आहे. एवढ्यात मेलेल्या माणसाशी भांडायला बसू नये, असं घरची म्हणाली. पण आपलं भांडण अर्ध्यावर सोडून तू गेलास, मी नाही. आपण दोघं ऐन जवानीत राजूरच्या मैदानावर समोरासमोर कबड्डी खेळलो, तेव्हापासून माझ्या मनात एकच प्रश्न होता. त्या अंतिम सामन्यात तू खोटं वागलास का? बाकी आयुष्यात मला कुणी फसवलं, कुणाला मी फसवलं, ते सगळं मी विसरलो. हे मात्र कधी विसरलो नाही.

मी संशयी आहे, हे तुला कुणी सांगायला नको. पाइप आणि मोटारपंपाचं दुकान चालवतो. गिऱ्हाईक जास्त गोड बोललं की माझा हात आपोआप गल्ल्याच्या किल्लीवर जातो. पण हा स्वभाव दुकानाने दिला असं लोक समजतात, ते खरं नाही. तो मला तू दिलास. तुला पहिल्यांदा खेळताना पाहिलं तेव्हाच मला वाटलं होतं, या माणसात काहीतरी गोम आहे.

कारण तुझ्यात खेळ नव्हता. तू बुटका, पाय जड, उडी अशी की बघणाऱ्याला दया यावी. डाव्या कोपऱ्यावर तुला उभं करायचे, ते दुसरं कुणी तिथं उभं राहायला तयार नसायचं म्हणून. आणि मी? मी मैदानात उतरलो की बाया घरातली कामं टाकून ओट्यावर यायच्या. मला कुणी शिकवलं नव्हतं. 'कबड्डी कबड्डी' म्हणत आत शिरायचो, एका पायावर गिरकी घ्यायचो, वाकून कोपऱ्यावरच्या गड्याच्या घोट्याला बोटं लावायचो आणि समोरच्याला कळायच्या आत मधली रेघ ओलांडून परत. आमचे भोकरदनचे म्हातारे म्हणायचे, ह्याच्या हातात वीज आहे. मला ते खरंच वाटायचं.

तुझ्याकडे एक गोष्ट होती आणि तिचाच मला सगळ्यात जास्त राग यायचा. चढाई करणाऱ्याचा हात तुला लागला की तू पंचाच्या शिट्टीची वाट बघायचा नाहीस. आपणहून हात वर करायचास आणि बाहेर जाऊन बसायचास. पंचाने पाहिलेलं नसलं तरी. तुझेच गडी तुला शिव्या द्यायचे. काही वेळा तर आम्हालाही वाटायचं की याला हात लागलाच नव्हता. लोक टाळ्या वाजवायचे. "काय इमानदार पोरगा आहे," म्हणायचे. मी मात्र आमच्या संघातल्यांना सांगायचो, हा इमान साठवून ठेवतोय. एक दिवस मोठ्या सामन्यात हात वर करणार नाही, आणि तेव्हा सगळे ह्याच्यावरच विश्वास ठेवतील.

आणि बराबर तसंच झालं.

तो सामना तुला सांगायची गरज नाही, पण मला सांगायची आहे. जालन्याहून निवडीची माणसं येऊन खुर्च्यांवर बसली होती. जिल्ह्याच्या संघात जो गेला, त्याला पुढे नोकरीची वाट मोकळी होती, आणि मला शेतात राबायचं नव्हतं. तुमचा संघ एका गुणाने पुढे होता. शेवटची चढाई माझी. एका हाताने बरोबरी झाली असती, बरोबरीनंतर पुन्हा पाच-पाच चढाया, आणि तिथे मला कोण अडवणार होतं? मी आत शिरलो. उजवीकडे झुकल्याचं दाखवलं, वळलो, वाकलो आणि तुझ्या डाव्या पोटरीला बाहेरून बोटं लावली. आजही सांगतो, लावली. बोटांना तिथली कातडी गुळगुळीत लागली होती, बिनकेसाची, हे मला अजून आठवतं. मी रेघ ओलांडून आलो, हात वर करून ओरडलो. पंच गोंधळला. त्याच्या बाजूने गर्दी आत घुसली होती आणि माती उडाली होती. त्याने तुझ्याकडे पाहिलं.

तू उभा होतास. दोन्ही हात खाली.

पंच म्हणाला, "दत्तूला लागलं असतं तर त्यानंच हात वर केला असता." आणि शिट्टी वाजवली. तुमच्या लोकांनी तुला उचललं. तू खांद्यावरून माझ्याकडे बघत होतास, आणि ती नजर मला विजयी वाटली नाही. मला ती चोराची वाटली.

तुझी निवड झाली. निवडीच्या माणसांतला एक जण मला म्हणाला होता, पुढच्या मोसमात ये, चाचणी दे. मी गेलो नाही. जिथं असली माणसं निवडली जातात तिथं मी काय करू, असं मी सगळ्यांना सांगितलं. तू तेव्हा भोकरदनपर्यंत सायकल हाणत आला होतास, मला न्यायला. मी घरात असून नाही म्हणून सांगितलं. आईने ओट्यावरून तुला पाणी दिलं. खिडकीतून मी बघत होतो. जाताना तू घराकडे बघून जरा थांबलास. हा बघतोय की मी खरंच घरात नाही ना, असं मला वाटलं.

पुढे काही महिन्यांनी मी तुझ्या गावी आलो होतो, हे तुला ठाऊक नाही. राजूरच्या अलीकडे रस्ता सोडून आत वळलं की तुझं शेत. लोक सांगायचे की दत्तू रोज पहाटे पळतो, सराव करतो, पाऊस असो की थंडी. मला वाटायचं, पळत असेल रस्त्यावर, जाणारे-येणारे बघतील म्हणून. म्हणून मोटारसायकल बाभळीआड लावली आणि चालत खळ्याकडे आलो. दिवस नुकता वर आला होता. तुझं नवं लग्न झालेलं. तू खळ्यात गुडघे वाकवून उभा, कोपऱ्यावर असतोस तसा, आणि नजर समोरच्या लिंबाच्या झाडावर. गया वहिनी हातात पऱ्हाटी घेऊन तुझ्याभोवती फिरत होत्या. मध्येच वाकून कापसाची ती वाळकी काडी तुझ्या पायाकडे मारायच्या. कधी लावायच्या, कधी नुसती हवेत फिरवायच्या.

"लागली," तू म्हणायचास. "न्हाई." "लागली."

मग वहिनींनी डाव्या पोटरीवर काडी चांगली सट्‌ करून मारली. मला लांबून आवाज ऐकू आला. तू समोर बघत म्हणालास, "न्हाई."

वहिनी हसायला लागल्या. "आवं, लागली की वो."

तू हसला नाहीस. म्हणालास, "परत मार."

मी तिथूनच मागे फिरलो. माझी खात्री पटली होती. लागलेलं असून न्हाई म्हणायची तालीम चालली होती, आणि तीही घरच्या बाईला हाताशी धरून. परत येताना मला राग यायला पाहिजे होता, पण खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं. माझा संशय खरा ठरला होता.

त्यानंतर माझी वीज गेली. कधी गेली ते समजलंसुद्धा नाही. दोन-तीन मोसम इकडेतिकडे खेळलो. एखादा सामना हरलो की पुढचा आठवडा मैदानाकडे फिरकायचो नाही. पंच वाईट, मैदान वाईट, साथीदार वाईट. मग लग्न, दुकान, पोट. तू मात्र खेळतच राहिलास. तुझ्या बरोबरीचे सगळे गुडघे धरून बसले, तुझ्या पुतण्याच्या वयाची पोरं समोर आली, तरी तू डाव्या कोपऱ्यावर उभाच. मी गर्दीत मागे उभा राहून बघायचो, कुणाला कळू न देता. तू त्यांच्या पायाकडे बघत नव्हतास, हाताकडेही नाही. खांद्याकडे बघायचास. खांदा हलला की तुला कळायचं हात कुठे जाणार, आणि तू आधीच तिथून गेलेला असायचास. उडी तुला तेव्हाही येत नव्हती. पण पोरं म्हणायची, आबाला चकवता येत न्हाई.

आणि हात तू तसाच वर करायचास. लागला की, न लागला तरीही.

मग तू माझ्या दुकानात यायला लागलास. पहिल्यांदा आलास ते ठिबकच्या नळ्या घ्यायला, आणि मला वाटलं, भोकरदनात एवढी दुकानं असताना ह्याला माझंच काहून दिसलं? चहा मागवला, पण साखर कमी सांगितली नाही, मुद्दाम. तू निम्मा कप ठेवलास. लग्नातसुद्धा तू जिलबीला हात लावायचा नाहीस, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. मला तो दिखावाच वाटायचा.

"सुरेशशेठ," तू म्हणालास, "खेळ सोडून लई वाईट केलं."

"माझ्यात होता म्हणून सोडता आला," मी म्हटलं. "तुझ्यात नव्हताच, तू काय सोडणार?"

तू मान हलवलीस, जसं काही मी तुझं कौतुक केलं. "बराबर आहे. अंगातला खेळ रुसतो बघ. हरला की रुसतो, कुणी बोललं की रुसतो. सवयीला रुसता येत न्हाई. ती सकाळी उठून बसती, मंग मला उठवती. मला बी वाटतं रोज, आज नको. ती ऐकून घेत न्हाई."

"सवयीनं बैल बी चालतो," मी म्हटलं. "त्याला खेळाडू म्हणतात का?"

"न्हाई म्हणत," तू म्हणालास. "पण सांजच्याला नांगरलेलं रान बैलाचंच असतं."

हा वाद आपण किती वेळा घातला असेल, मोजदाद नाही. तू यायचास, एखादा नळ किंवा जोडाचा तुकडा घ्यायचास, जो तुला राजूरला सहज मिळाला असता, आणि बसायचास. मी म्हणायचो, शिस्त ही ज्याच्याकडे काही नाही त्याने बांधलेली झूल आहे. तू म्हणायचास, असंल, पण थंडीत तीच कामाला येती. मी म्हणायचो, मनाची ताकद म्हणजे काय, नुसता कोडगेपणा. तेव्हा मात्र तू चिडायचास. "कोडग्याला काही वाटत न्हाई. मला समदं वाटतं. वाटत असून बिलकुल हलायचं न्हाई, हे कठीण असतं. करून बघ एकदा."

आणि निघताना दर वेळी, पायरीवर उभं राहून, पाठ माझ्याकडे असताना विचारायचास, "त्या दिवशी हात कुठं लागल्ता, सांग ना एकदा."

पहिल्यांदा विचारलंस तेव्हा मी तुझ्या पाठीकडे बघतच राहिलो. मला वाटलं, हा मला तपासतोय. मी चुकीची जागा सांगितली की गावभर सांगेल, बघा, ह्याला तर माहीतच नाही. म्हणून मी म्हणालो, "तुला माहीत न्हाई?" तू म्हणालास, "मला माहीत असतं तर इचारलं असतं का?" मी हसलो. तेव्हापासून तुझा प्रश्न तोच आणि माझं उत्तर तेच. "तुला माहीत न्हाई?" तू मान हलवायचास आणि जायचास.

एकदाच आपण त्याच्या पुढे गेलो. तो दिवस माझ्या ध्यानात आहे, कारण दुकानात दुसरं कुणी नव्हतं आणि लाइट गेली होती. मी सरळ विचारलं, "न लागता बी हात वर करायचा तू. काहून?"

तू म्हणालास, "शंका आली की हात वर. मपला नियम हाये. आपल्याबद्दल शंका आली तर आपण बाद."

"मंग त्या दिवशी शंका आली न्हाई?"

तू समोरच्या नळ्यांच्या गुंडाळ्यांकडे बघत राहिलास. मग म्हणालास, "त्या दिवशी न्हाई आली. नंतर आली. तुझं तोंड बघितलं ना खांद्यावरून, तवा आली. आन् मंग गेलीच न्हाई."

मला त्या वेळी काय वाटलं माहीत आहे? मला वाटलं, अर्धी कबुली मिळाली. उरलेली अर्धी हा कधीतरी देईल. मी वाट बघत बसलो. तू काहीतरी वेगळं मागत होतास हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तुझ्या शोकसभेला मी गेलो होतो. मंडप चांगला घातला होता. भाषणंही चांगली झाली, आणि मला एकही पटलं नाही. एकजण म्हणाला, "दत्तूआबांना देवानं उपजत खेळ दिल्ता." दुसरा म्हणाला, लहानपणापासून चपळाई त्यांच्या रक्तात होती. मला उठून ओरडावंसं वाटलं. रक्तात काही नव्हतं त्याच्या. तुझ्यात जे नव्हतं ते तुझ्या नावावर घालून, जे तू रोज सकाळी उठून कमावलं होतंस ते ही माणसं तुझ्याकडून काढून घेत होती. आणि मीही तेच करत आलो होतो, फक्त उलट्या बाजूने. मग माइक माझ्याकडे आला. मी म्हणालो, "हा माणूस चांगला खेळाडू नव्हता," आणि सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मी माइक परत दिला.  लोकांना वाटलं, सुरेशशेठ ह्याला मेल्यावरही सोडत नाही. वाटू दे.

मला पुढे काय म्हणायचं होतं ते मंडपात सांगण्यासारखं नव्हतं. ते आदल्या दिवशीचं, तुझ्या अंगणातलं. तेच सांगायला हे सगळं लिहितोय.

मी आलो तेव्हा तुला अंगणात पाटावर घेतलं होतं, आंघोळीसाठी. चुलीवर मोठ्या पातेल्यात पाणी तापत होतं. तुझे थोरले भाऊ नाना, पुतण्या आणि भावकीतले दोघं-तिघं. नानांनी मला खुणेने पुढे बोलावलं. मी नको म्हणणार होतो. मनात आलं, हे मला काहून बोलावतायत, हा काय माझा भाऊ लागतो? पण पाय गेले. मी तुझ्या पायाशी बसलो. एका जणाने चुलीवरून तांब्या भरला, वाफ निघत होती. उंबऱ्याजवळ बायकांच्या घोळक्यात गया वहिनी बसल्या होत्या. रडून रडून आवाज गेला होता. डोकं भिंतीला टेकलेलं, डोळे मिटलेले. तांब्याचा आवाज ऐकला आणि डोळे न उघडताच म्हणाल्या, "डाव्या पायावर बघून टाका. त्या पायाला भाजलेलं कळत न्हाई त्यांना."

 मग वहिनींनाच कळलं आपण काय बोललो ते, आणि त्यांनी पदर तोंडात कोंबला.

मी नानांकडे बघितलं. नाना हळूच म्हणाले, "लहानपणी कुऱ्हाड लागल्ती. घाव भरला, पण तिथली शीर गेली. पोटरीच्या बाहेरून काही कळायचंच न्हाई. सांगू नका म्हणायचा, संघात घेणार न्हाईत."

दत्तू, तो व्रण मी आयुष्यभर पाहिला होता. अर्ध्या चड्डीत खेळणाऱ्या माणसाचा पाय सगळ्या तालुक्याला दिसतो. कुणी विचारलं की तू म्हणायचास, लहानपणी लागलं, आणि विषय संपायचा. घोट्याला आणि पोटरीला हात मारायच्या खेळात तू अशा पायावर उभा होतास, ज्याला हात लागलेला कळतच नव्हता. म्हणून तू खांद्याकडे बघायला शिकलास. म्हणून खळ्यात वहिनी काडी मारत होत्या आणि तू समोर बघत, डोळ्याच्या कोपऱ्यातून ओळखायला शिकत होतास. लागली, न्हाई, परत मार. आणि म्हणून शंका आली की हात वर. जे अंगाला कळत नाही त्याचा फायदा घ्यायचा नाही, एवढं तू ठरवून टाकलं होतंस. मी त्याला इमानाची साठवण म्हणत होतो.

आणि माझ्या चढाईत माती उडाली होती. तुला दिसलं नाही, अंगाला कळलं नाही, शंका आली नाही. मग माझं तोंड पाहिलंस. तेव्हापासून तुला एकच माणूस सांगू शकत होता की तू तुझा नियम मोडलास की नाही, आणि त्या माणसाकडे तू नळाचे तुकडे घ्यायला यायचास. शेवटी तो सांगत नाही म्हटल्यावर त्याला मैदानावर बोलवायला लागलास. पोरांना दाखवायचं निमित्त. तुला ती चढाई बाहेर उभं राहून एकदा बघायची होती, माझा हात कुठे जातो ते. बघ, मी अजूनही तुझा डावच शोधतोय. पण हा डाव खरा होता, आणि तो तू मला आधी सांगितला असतास तर काही बिघडलं नसतं. तू एकदा पाय पुढे करून म्हणाला असतास, इथं मला कळत नाही. एवढंच. मला याचा राग आहे आणि तो जाणार नाही. तू नियमाने जगलास आणि अर्धी गोष्ट पोटात ठेवून गेलास.

पुढच्या आठवड्यापासून मी मैदानावर जाणार आहे. पोरांना हात मारायला शिकवीन. त्यांच्यात एक-दोघांच्या हातात वीज आहे, पुतण्या सांगत होता. मी त्यांना त्याबद्दल काही बोलणार नाही. सकाळी वेळेवर या, एवढंच सांगेन. ते माझ्याकडे संशयाने बघतील. त्याची मला सवय आहे.

अंगणात माझा हात आपोआप तुझ्या पोटरीकडे गेला. बाहेरच्या बाजूला, गुडघ्याखाली चार बोटं. बोटं ठेवली आणि ओळख पटली. तीच गुळगुळीत, बिनकेसाची कातडी. मी वाकून म्हणालो, "हितं. दत्तू, हितं लागल्ता."

"काय?" नाना म्हणाले.

"काही न्हाई. तांब्या द्या इकडं."

तांब्यातलं पाणी मी माझ्या मनगटावर ओतून पाहिलं. कढत होतं. बाजूच्या बादलीतलं गार पाणी त्यात घालायला लागलो, तसे नाना म्हणाले, "आता कशाला विसण?" मी घातलं. पुन्हा मनगटावर पाहिलं. मग तुझ्या डाव्या पायावर हळूहळू ओतलं.